परक्यांचे पितर अंगात येतात तेव्हा

सांगोमा म्हणजे दक्षिण आफ्रिकेत पितरांच्या साहाय्याने दुखणी ओळखून उपचार करणारे पारंपरिक भगत. तेथील गोऱ्या सांगोमांविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. काहींना ही आणखी एक लूट वाटते, तर काहींच्या मते आत्म्याला रंगच नसल्यामुळे प्रश्नच उरत नाही. मला दोन्ही मते उथळ वाटतात, कारण या परंपरेचे स्वतःचे काही म्हणणे असेल, हे त्यांत कुणी विचारातच घेत नाही.

सांगोमा होणे ही हौसेने निवडण्याची गोष्ट नव्हे. आधी दुखणे येते, स्वप्ने पिच्छा सोडत नाहीत, औषधाने गुण येत नाही आणि मग ही पूर्वजांची हाक असल्याचे निदान होते. त्यानंतर ‘गोबेला’च्या, म्हणजे गुरूच्या घरी राहून ‘उकुथ्वासा’ हे खडतर शिक्षण सुरू होते. शिष्य इम्फेफो ही वाळलेली वनस्पती जाळून पितरांना आवाहन करतो, ढोलाच्या ठेक्यावर नाचतो, गुरूपुढे गुडघे टेकतो, पडेल ते काम करतो. आणि अखेरीस लपवून ठेवलेली वस्तू केवळ पितरांच्या साहाय्याने सर्वांसमक्ष शोधून काढणे, ही त्याची परीक्षा असते.

परक्यांचा प्रश्न या परंपरेला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात सोशांगाने या सरदाराच्या न्गुनी वंशाच्या सैन्याने आजच्या मोझांबिकच्या दक्षिण भागात गाझा राज्य उभारले आणि तेथील न्दाऊ लोकांना अंकित केले. मारल्या गेलेल्या न्दाऊंचे आत्मे सूड उगवण्यासाठी जेत्यांच्या कुळांत शिरले, अशी तेथील श्रद्धा आहे. आजही त्या भागातील त्सोंगा समाजाच्या भगताच्या अंगात असा आत्मा आला, की तो न्दाऊ भाषेत बोलू लागतो. ज्यांना मारले, त्यांनाच पितरांच्या पंक्तीत बसवून त्यांच्याकरवी रोग्यांची दुखणी ओळखायची, ही व्यवस्था मला विलक्षण वाटते. येथे वंशाची सीमा ओलांडली जाते, पण रक्ताचा हिशेब मिटवून नव्हे, तर तो पिढ्यानपिढ्या फेडत राहून.

गोऱ्या सांगोमांकडे मी याच दृष्टीने पाहते. दक्षिण आफ्रिकेत 1950 च्या कायद्याने प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला आणि तो कायदा 1991 पर्यंत टिकला. पारंपरिक उपचारकांना कायद्याची रीतसर मान्यता देणारा अधिनियम तर 2007 साली आला. एवढे ऋण डोक्यावर असताना गोऱ्या सांगोमाने शिक्षण पुरे होताच परदेशात महागडी शिबिरे भरवणे मला खटकते.

उलट उदाहरण नायजेरियातील आहे. 1950 मध्ये तेथे गेलेल्या ऑस्ट्रियन चित्रकार सुझान वेंगर आजारपणानंतर तेथील योरुबा लोकांचा देव ओबाताला याच्या उपासनेत दीक्षित झाल्या आणि पुढे 2009 मध्ये मृत्यू येईपर्यंत ओशोग्बो शहरात राहिल्या. ओशुन नदीकाठच्या देवराईवर संकट आले, तेव्हा त्यांनी स्थानिक कारागिरांसह तेथील देवस्थाने पुन्हा उभी केली. 2005 मध्ये ती देवराई जागतिक वारसास्थळ ठरली. तेथील मूर्तींवर त्यांच्या युरोपीय शैलीची छाप आहे, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही ज्या भूमीने दीक्षा दिली, तिच्यासाठी त्या राबल्या. म्हणूनच कोणत्याही गोऱ्या सांगोमाला मी पहिला प्रश्न त्याच्या गोबेलाच्या गावाविषयीच विचारीन.