पुनवेची भरती बाराला

माझं आजोळ वरळीच्या बीडीडी चाळीतलं. तिथे दारावर म्हावरं घेऊन येणाऱ्या मावशींशी आमचा तीन पिढ्यांचा घरोबा. "बाय, एकदा पुनवेला ये आमच्याकडं," असं त्या दरवर्षी म्हणायच्या. १९ ऑगस्ट २०२४ ला योग आला. नारळी पौर्णिमा, तिसरा श्रावणी सोमवार आणि राखी, सगळं एकाच दिवशी. सकाळीच भावाला राखी बांधून डोंबिवलीहून निघाले, दादरला उतरून हार घेतला आणि बसने वरळी कोळीवाडा गाठला.

गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून कोणी आलं तर आपण भिंतीला टेकायचं. घराघरातून गूळ-खोबऱ्याचा वास येत होता. मावशींनी आधी गोल्फादेवीच्या पाया पडायला नेलं. कोळीवाड्यात काही महत्त्वाचं ठरवायचं झालं, की या देवीला कौल लावतात. मग घरी येऊन नारळीभात आणि करंज्या. मी दोनच करंज्या घेतल्या म्हणून त्या खरोखर रागावल्या.

माझ्या मनात एक प्रश्न होता. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. मासळीच्या विणीचे हे दिवस, वर समुद्र खवळलेला. पण ती बंदी उठून तर एकोणीस दिवस झाले होते. तरी मावशींची होडी अजून किनाऱ्यावरच, ताजा निळा रंग लावलेली, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, झेंडूची माळ.

"सरकारची बंदी उठली," मावशी म्हणाल्या, "पन दर्याला इचारल्याबिगर आमची होरी पान्यात जात नाय."

सगळेच आता इतकं थांबत नाहीत. दोन महिने कमाई नसते, त्यात जाळी सांधायची, इंजिन दुरुस्त करायचं. पुनवेआधी गेलेल्यांना मावशींनी एका शब्दानेही नावं ठेवली नाहीत, हे मला फार आवडलं.

संध्याकाळी बँड वाजला. बायका नऊवारी लुगड्यात, अंबाड्यावर गजरे, पुरुष सुरका-टोपीत. सोनेरी कागदाने मढवलेला मोठा नारळ मिरवत बंदराकडे निघाला. मिरवणूक देखणी होतीच, पण माझी नजर मावशींच्या ओंजळीतल्या साध्या नारळावर होती. शेंडी तशीच ठेवलेली, वर हळद-कुंकू आणि एकच जास्वंद.

किनाऱ्यावरून सागरी सेतू दिसतो. त्याला जोडणाऱ्या किनारी रस्त्याचे खांब इथल्या होड्यांच्या वाटेतच येणार होते. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरलं होतं. वाऱ्यात, लाटांत होडी खांबावर आपटेल, हे कोळ्यांनी लावून धरलं आणि ते अंतर १२० मीटर करून घेतलं. नारळ देण्याइतकंच तेही दर्याची वाट राखणंच आहे, असं मला मनापासून वाटतं.

पाणी बरंच मागे गेलं होतं. पुनवेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि परत मध्यरात्री, त्यामुळे संध्याकाळी ओहोटी. चिखल तुडवत आम्ही पुढे गेलो. मावशी गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. शेजारचा एक मुलगा नारळ लांब भिरकावणार, तोच त्यांनी त्याचा हात धरला. "फेकाचा नाय रं. दर्याच्या हातान द्याचा." त्या वाकल्या, ओंजळ पाण्याखाली नेली आणि लाट येईपर्यंत तशाच थांबल्या. ओठ हलत होते. मला फक्त धाकट्या मुलाचं नाव ऐकू आलं.

लाटेने नारळ उचलला आणि परत त्यांच्याच पायाशी आणून टाकला. पाणी आता भरतीला लागलं होतं. त्यांनी तो पुन्हा दिला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा मात्र आडव्या प्रवाहाला लागून तो होड्यांच्या पलीकडे गेला. दिसेनासा होईपर्यंत त्यांनी हात जोडलेलेच ठेवले.

मग एकदम घाई. रात्री बाराच्या भरतीला होडी तरंगणार, ओहोटीबरोबर बाहेर पडणार. चार जणांच्या तांदळाच्या भाकऱ्या अजून थापायच्या होत्या. मावशींनी करंज्यांचा डबा माझ्या हातात कोंबला, लुगड्याचा ओला काठ पिळला आणि त्या झपाझप गल्लीत शिरल्या.