आठ पौंडांची जागा

शुक्रवार, मध्यरात्र उलटून गेली

पाय ठणकताहेत, पण झोपेचं नाव नाही. लिहून टाकते, म्हणजे डोकं जरा निवेल.

आज लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवात, माहलर या संगीतकाराची दुसरी सिम्फनी ऐकली. अरीनात, म्हणजे मंचापुढच्या बिनखुर्च्यांच्या जागेत, उभ्यानं, अगदी पुढच्या कठड्याला हात टेकवून. कंडक्टर माझ्यापासून चार-पाच पावलांवर. चेलो, म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवणाऱ्यांची पहिली रांग तर इतकी जवळ की त्यांच्या काळ्या पँटींवर पडलेली राळेची पांढरी भुकटी दिसत होती. सुरुवातीला व्हायोलिनांवर तो थरथरता सूर धरला जातो आणि त्याखालून चेलो-बास तुटून पडतात. रेडिओवर हे कितीदा ऐकलंय. पण एवढ्या जवळून ऐकताना गज तारेवर पडायच्या आधी आठ-दहा माणसांनी एकदम ओढून घेतलेला श्वास ऐकू येतो. आज माझाही श्वास त्यांच्याबरोबर आत गेला आणि पुढचा दीड तास बाहेर आलाच नाही असं वाटलं.

पहिला भाग संपला की निदान पाच मिनिटं थांबा, असं माहलरनं स्वरलिपीतच लिहून ठेवलंय. एवढं कोणी थांबत नाही. आजच्या कंडक्टरबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या, चांगला मिनिटभर. समोरच्या चेलोवाल्यानं तेवढ्यात गजाचा तुटलेला केस ओढून काढला, बोटाभोवती गुंडाळला आणि खिशात टाकला. माझी नजर त्याच्यावरच खिळली होती.

शेवटच्या भागाबद्दल लिहायचंय आणि लिहिता येत नाहीये. तरी लिहिते. समोरचा वाद्यवृंद थांबतो आणि कुठून तरी लांबून हॉर्न ऐकू येतात. हे वादक मंचावर नसतातच. बहुधा वरच्या गॅलरीबाहेरच्या गोल कॉरिडॉरमध्ये उभे असावेत. मंचावर एक बासरी आणि एक छोटी पिकोलो तेवढ्या पाखरांसारखं उत्तर देत असतात, आणि या हॉलचा घुमट इतका उंच की लांबचा तो आवाज नक्की कुठून येतोय ते कळतच नाही. आणि मग कोरस. मंचामागच्या नळ्यांच्या ऑर्गनखाली बसलेली ती शंभरावर माणसं उभी राहत नाहीत. बसूनच, ओठ हलताहेत की नाही कळू नये इतक्या हळू गायला लागतात. आधी मला वाटलं वातानुकूलनाचा आवाज आहे. मग त्या आवाजाला स्वर आला, मग शब्द आले. आपल्याकडे तानपुरे जुळता जुळता एका क्षणी खोलीभर षड्ज भरून राहतो, तसं काहीसं झालं, फक्त माणसांच्या गळ्यांतून.

शेवटी ऑर्गन सुटला तेव्हा आवाज तळव्यांतून वर आला. पायाखालची लाकडी जमीन थरथरत होती. या ऑर्गनला ९,९९९ नळ्या आहेत. वाचताना तो आकडा नुसता आकडा होता, आज अंगात शिरला. खुर्चीवर बसलेल्यांना हे तळव्यांत जाणवलं असेल का, मला शंका आहे. माझ्या शेजारच्या आजींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांनीही ते ठरवून केलं नसावं, आणि मीही सोडवलं नाही.

आणि या जागेचे पैसे किती? आठ पौंड. सोहोत एका वेळचं धड जेवणही तेवढ्यात होत नाही.

रविवार, दुपार

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, ‘‘अगं, पण उभं का केलं तुम्हाला? खुर्च्या संपल्या होत्या का?’’

तिला समजावताना माझंच मला नीट उमगलं की या हॉलमध्ये मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं. इथे मंचाच्या सगळ्यात जवळची जागा सगळ्यात स्वस्त आहे. एका दिवसाचं तिकीट आधी काढून ठेवता येत नाही, ओळखीनं मिळत नाही. त्याच दिवशी सकाळी तिकीट काढायचं आणि पुढचा कठडा हवा असेल तर दुपारीच येऊन दक्षिणेकडच्या पायऱ्यांवर रांग लावायची. मागे वर्तुळात ज्यांनी दहापट पैसे मोजलेत, ते आमच्या डोक्यांवरून ऐकतात.

प्रॉम्सची ही पद्धत आपोआप पडलेली नाही, तिची गोष्ट मला फार आवडते. १८९५ साली रॉबर्ट न्यूमन नावाचा माणूस लंडनच्या क्वीन्स हॉलचा व्यवस्थापक होता. लोकांना शास्त्रीय संगीताची गोडी लावायची, आधी सोपं, ओळखीचं ऐकवायचं आणि हळूहळू इयत्ता वाढवत न्यायची, हे त्याच्या डोक्यात होतं. म्हणून जमिनीवरच्या खुर्च्या काढल्या आणि उभं राहून ऐकणाऱ्यांना एका शिलिंगात आत घेतलं. वाद्यवृंद तरुण हेन्री वुडच्या हाती दिला. पैसे घातले ते कॅथकार्ट नावाच्या, घशावर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं. त्याची एक अट होती : वाद्यवृंदाची पट्टी खाली आणा. इंग्लंडात तेव्हा फार चढ्या पट्टीत वाजवत आणि त्यापायी गायकांचे गळे खराब होत, असं त्याचं म्हणणं. पट्टी खाली आली. पट्टीपायी गळ्याची कशी दशा होते हे ज्याच्या घरात गाणं आहे त्याला सांगावं लागत नाही. त्या डॉक्टरबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते.

मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला. त्याच उन्हाळ्यात प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आले आणि इथलेच झाले. हेन्री वुड १९४४ साली जाईपर्यंत उभा होता वाद्यवृंदासमोर. क्वीन्स हॉलच्या ढिगाऱ्यातून वाचलेला त्याचा अर्धपुतळा दर मोसमात ऑर्गनखाली आणून ठेवतात. शुक्रवारी कोरसच्या मधोमध तो होता.

खरं तर हा हॉल गाण्यासाठी सोयीचा म्हणून कोणी बांधलेलाच नव्हता. राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याच्या, प्रिन्स अल्बर्टच्या, नावानं तो १८७१ साली उघडला, तेव्हा उद्घाटनाच्या दिवशीच बोललेले शब्द घुमटावर आदळून परत आले म्हणे. जवळपास शंभर वर्षं हा प्रतिध्वनी सगळ्यांना छळत होता. १९६९ साली घुमटाखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. लोक त्यांना ‘मशरूम’ म्हणतात. आम्ही अरीनातून मान वर केली की निळसर उजेडात तेच दिसतात. आजही खालच्या मजल्यांवर काही खुर्च्यांमागे आवाज जरा सैल होतो, पण पुढच्या कठड्याला वाद्याचा आवाज थेट येतो, घुमटापर्यंत जाण्याआधी.

आणखी एक गोष्ट. बांधकामाला पैसा उभा करायला शंभर-शंभर पौंडांना खुर्च्या विकल्या होत्या, ९९९ वर्षांच्या करारानं. आजही हजाराहून जास्त खुर्च्या खासगी मालकीच्या आहेत, काही पिढीजात चालत आलेल्या. म्हणजे एकाच गोल छताखाली पणजोबांनी विकत घेतलेली खुर्ची आहे आणि सकाळी काढलेल्या तिकिटाची उभी जागा आहे, आणि वादकाच्या जवळ आहे ती दुसरी.

मी मिरजेची. आमच्याकडे मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. लहानपणी बाबांचं बोट धरून जायची. तिकीट नाही, पास नाही, जो येईल तो बसेल. गवयाच्या पुढ्यात सतारमेकर गल्लीतले कारागीर मांडी ठोकून बसलेले असायचे. दिवसभर भोपळे घासलेल्या हातांनी ते तालावर बोटं मोजायचे आणि एखादी श्रुती जागेवर लागली की ‘हां!’ म्हणायचे. गायकही त्यांच्याकडेच बघून गायचा. पुढे शहरांतले मोठे महोत्सव पाहिले आणि जीव खट्टू झाला. पुढे सोफे, सोफ्यांवर देणगीदार आणि पाहुणे, त्यातले निम्मे मध्यंतरापर्यंत निघून गेलेले. ज्याला रागाचं चलन कळतं तो मात्र मागे, पडद्यावर गवई बघतोय. रिकाम्या सोफ्यांकडे बघून गाणं किती अवघड असेल. आपल्या महोत्सवांनी पुढचे सोफे काढावेत आणि तिथे जाजम अंथरून स्वस्तात बसवावं असं मला अगदी मनापासून वाटतं. गाण्याला त्याचा फायदाच होईल.

बुधवार, रात्री

आज उशिराची मैफल होती, रात्री सव्वादहाची. एकटा चेलो, फक्त बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं संगीत. पाच हजारांवर माणसं मावतात त्या हॉलच्या मधोमध एक खुर्ची आणि एक माणूस. २०१५ साली यो-यो मा या चेलोवादकानं इथे बाखचे सहाही चेलो सूट (नाचांच्या चालींच्या माळा) एकाच रात्री वाजवले होते. ज्यांनी ते उभ्यानं ऐकलं अशा आजी (त्याच, शुक्रवारच्या) आज रांगेत भेटल्या. हातात घडीचं स्टूल आणि थर्मास. त्या साठच्या दशकापासून येताहेत. मला म्हणाल्या, ‘‘मोठ्या वाद्यवृंदाला हा हॉल पुरतो. पण एकट्या वाद्याला तो जवळ येतो, बघच.’’

खरंच आला. सराबांद, सूटमधली संथ चाल, सुरू झाली तेव्हा वादकानं आवाज आणखी खाली नेला आणि आजूबाजूची माणसं नकळत अर्धं पाऊल पुढे सरकली. मी बघितलं ते, बुटांची हालचाल. एवढ्या माणसांत एक खोकला नाही. मैफलीत दाद देता न येणं मला इथे आल्यावर फार जड गेलं होतं. एखादी जागा काळजाला भिडली की तोंडून ‘क्या बात है’ येणारच, ते गिळायचं कसं? पण आता वाटतं, ही शांतताही दादच आहे आणि वादकाला ती पोचते. आज त्यानं शेवटचा सूर सोडून गज हवेत तसाच धरून ठेवला, आणि कोणीही, अगदी कोणीही, टाळी वाजवायची घाई केली नाही.

अरीना काही नेहमीच इतका गंभीर नसतो. पियानो मंचावर आणून त्याचं झाकण उचलतात तेव्हा अरीनातून सगळे एका सुरात ‘हीव्ह!’ ओरडतात आणि वरच्या गॅलरीतून ‘हो!’ येतं, इंग्रजीत ओझं उचलताना घालतात त्या हाळीसारखं. सूर जुळवायला पियानोवर एकच पट्टी दाबली तरी त्याला टाळ्या पडतात. आणि मोसमभर हीच रांगेतली माणसं बादल्या घेऊन दारात उभी राहतात, संगीतकारांच्या मदतनिधीसाठी पैसे गोळा करतात. शेवटच्या रात्रीचे झेंडे आणि गर्दी मला तितकी भावत नाही. ती मी घरी रेडिओवर ऐकते. मला मोसमाच्या मधल्या या साध्या रात्री हव्यात.

परतताना पिकॅडिली लाइनमध्ये लताबाई लावल्या. १९७४ साली याच हॉलमध्ये त्या गायल्या होत्या, परदेशातला त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम. दिलीपकुमारांनी त्यांची ओळख करून दिली होती. त्या मैफलींची ध्वनिमुद्रिका आमच्या घरी होती, बाबांनी सुती कापडात गुंडाळून ठेवलेली. २०२३ च्या प्रॉम्समध्ये बर्मिंगहॅमच्या सिम्फनी वाद्यवृंदाबरोबर पलक मुच्छलनं लताबाईंची गाणी म्हटली, तेव्हा अरीनात माझ्या आजूबाजूला लेस्टरहून, वेम्ब्लीहून आलेल्या साड्याच साड्या होत्या. रोजचे प्रॉमर, म्हणजे उभ्यानं ऐकणारे, त्यांना सरकून जागा देत होते, कोण कुठून आलंय याची चौकशी करत होते. त्या रात्री मला बाबांची फार आठवण आली. कुठलंही तिकीट त्यांना त्या जागी आणू शकलं नसतं, आणि आठ पौंड तर त्यांनी आनंदानं दिले असते.

गुरुवार

आईनं आज स्वतःहून विषय काढला. पुढच्या जुलैत ती येतेय. डॉक्टरांनी गुडघ्यांना फार वेळ उभं राहू नका म्हणून सांगितलंय, तेव्हा मी तिला खुर्चीचं तिकीट काढते म्हटलं. तर म्हणाली, ‘‘खुर्ची नको. तुझ्या त्या आजी स्टूल आणतात ना?’’

स्टूल रांगेपुरतंच, आत अरीनात गर्दीमुळे ते उघडता येत नाही, हे तिला सांगितलं. मग गॅलरीचा पर्याय सुचवला. तीही उभ्याचीच जागा, पण सगळ्यात वर, घुमटाखाली, आणि तिथे दाटी कमी. लोक भिंतीला पाठ लावून खुशाल जमिनीवर बसतात, कोणी स्वरलिपी मांडीवर घेऊन वाचतं, कोणी डोळे मिटून आडवं होतं. मंच लहानसा दिसतो, पण आवाज छान मिसळून वर येतो. लिफ्ट आहे, पायऱ्या चढायला नकोत.

‘‘मग तेच कर,’’ ती म्हणाली. ‘‘मी येताना सतरंजी आणते. आणि त्या आजींना विचार, तिळाच्या वड्या चालतात का.’’