चौसष्टावा पोर्ट

कुलूप उघडायच्या आधीच अण्णा टेलिफोन एक्सचेंजच्या पायरीवर येऊन बसले होते. जानेवारी २००८. त्या दिवसांत आमच्या नाशिककडच्या द्राक्षपट्ट्यात थंडी अशी पडते की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अण्णांच्या अंगावर नुसता सदरा होता, डोळे जागरणाने तांबारलेले आणि काखेत कागदांची फाईल.

"साहेब, कंटेनर उद्या सकाळी न्हावा शेव्याला निघायला पाहिजे. काल दुपारपासून एक पान वर चढेना."

पान म्हणजे ग्रेपनेटचं पान. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने ही पद्धत नवीनच आणली होती. पेटी कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटमधली, औषधांच्या अंशाची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत झाली, कुठल्या पॅलेटवर चढली, सगळं इंटरनेटवर भरायचं. ते भरल्याशिवाय पुढचे दाखले मिळत नाहीत आणि दाखले नाहीत तर माल हलत नाही. पद्धत चांगलीच होती. पण अण्णांच्या पॅकहाऊसला इंटरनेट होतं ते डायल-अप. चार पाच वेळा नंबर फिरवल्यावर एकदा लागायचं, अर्धा फॉर्म भरून होतो न होतो तोच तुटायचं. आणि तेवढा वेळ फोन अडकलेला, म्हणून मुंबईचा एजंट ओरडायचा.

अण्णांनी ब्रॉडबँडचा अर्ज आदल्या जूनमध्येच केला होता. फाईलमधून त्यांनी पोचपावती काढली. 'पोर्ट उपलब्ध होताच कळवण्यात येईल.' खाली माझीच सही. त्या सहीकडे मला बघवेना.

मी तिथे जेटीओ, म्हणजे कनिष्ठ दूरसंचार अधिकारी होतो, सरकारी टेलिफोन कंपनीत. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या काळच्या ब्रॉडबँडला वेगळी तार लागत नव्हती. फोनला असते तीच तांब्याची जोडी, ज्याला आम्ही पेअर म्हणतो. बोलणं खालच्या फ्रिक्वेन्सीवर जातं, इंटरनेट वरच्या, आणि स्प्लिटर नावाची छोटी डबी दोघांना एकमेकांत मिसळू देत नाही. लागतं ते एवढंच की घरी मॉडेम आणि एक्सचेंजमध्ये डीएसलॅम नावाचं यंत्र. आमच्या डीएसलॅमला चौसष्ट पोर्ट होते, एका पोर्टवर एकाच ग्राहकाची जोडणी. त्रेसष्ट केव्हाच वाटून झाले होते. चौसष्टावा टेस्टिंगसाठी राखलेला. रजिस्टरमध्ये दीडशेवर अर्ज पडून होते आणि दुसऱ्या डीएसलॅमची मागणी मी तीनदा वर पाठवली होती.

अण्णांना चहा सांगतोय तोवर दुसरा माणूस दारात उभा. हा बाजारपेठेतला पोरगा, कॉम्प्युटर क्लास चालवायचा. गेले सहा महिने महिन्यातून एकदा तरी यायचा आणि दर वेळी तेच मागायचा.

"साहेब, मला पन्नास पेअर भाड्याने द्या. नाशिकची इंटरनेट पुरवणारी कंपनी तयार आहे. डीएसलॅम आमचा, मॉडेम आमचे, बँडविड्थ आमची. तुम्ही फक्त तार द्या आणि यंत्र ठेवायला कोपरा. फोन तुमचाच राहील, बिलही तुमचंच."

एरवी मी त्याला दोन मिनिटांत वाटेला लावायचो. त्या दिवशी अण्णा समोर बसलेले होते, त्यामुळे तसं करता येईना. पोराने पिशवीतून कागद काढले आणि टेबलावर मांडले. एप्रिल २००४ मधल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या शिफारशी. जुन्या कंपन्यांनी ग्राहकापर्यंत जाणारी तार इतर सेवादारांनाही वापरू द्यावी, असं नियामकाने त्यात स्पष्ट सुचवलं होतं. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि त्यात ही सक्ती गळाली. उरलं ते एवढंच, की कंपन्यांनी आपसात व्यापारी करार करून तार वापरायची मोकळीक आहे.

"मोकळीक आहे ना?" पोरगा म्हणाला. "मग करा करार."

मी म्हणालो, "बाबा, मोकळीक कंपनीला आहे, मला नाही."

"जपानात २००१ मध्येच याहू बीबीने जुन्या कंपनीच्या तारांवर आठ एमबीपीएसची लाइन दिली. तिथे सरकारने तार उघडायला लावली. आपल्याकडे दोनशे छप्पन्न केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं आणि तेही अण्णांना मिळेना."

आवाज चढला होता, पण एक शब्द खोटा नव्हता. त्याच धोरणात २००५ अखेर देशात तीस लाख, २००७ अखेर नव्वद लाख आणि २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं लक्ष्य लिहिलेलं होतं. २००७ संपलं तेव्हा गाडी कुठे तीस लाखांच्या आसपास पोचली होती. मी ते आकडे वाचलेले होते. आता ते दोन माणसांच्या रूपात माझ्या टेबलासमोर बसले होते.

आमचे जुने लाईनमन, सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, दारात उभे राहून ऐकत होते. मी म्हटलं, "नाना, अण्णांच्या पेअरची टेस्ट घेऊ."

नाना मोटारसायकलवर पॅकहाऊसला गेले, मी एमडीएफवर थांबलो. एमडीएफ म्हणजे एक्सचेंजमधली लोखंडी चौकट. गावभरातून जमिनीखालून येणाऱ्या सगळ्या केबली तिच्या एका अंगाला उलगडतात, दुसऱ्या अंगाला यंत्रांच्या तारा असतात आणि मधे जंपर नावाची बारीक दुहेरी वायर एकाला दुसऱ्याशी बांधते. गावातला प्रत्येक फोन तिथे एका जंपरवर लटकलेला असतो. वीस मिनिटांनी नानांचा फोन आला, "लूप दिलाय साहेब." त्यांनी तिकडे दोन तारा एकत्र पिळल्या होत्या. मीटर लावला. चारशे नव्वद ओहम. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला किलोमीटरमागे लूप साधारण एकशे सत्तर भरतो, म्हणजे तीन किलोमीटरच्या आत. मग लूप सोडायला सांगून मेगर, म्हणजे तारेचं आवरण कुठे कच्चं आहे का ते दाखवणारं यंत्र, फिरवला. काटा सरळ इन्फिनिटीवर जाऊन टेकला. कुठे ओल नाही, कुठे तार जमिनीला लागलेली नाही. रस्त्याकडेच्या पिलरच्या पेटीपासून घराजवळच्या डीपीच्या डबीपर्यंत पाणी शिरू न देणारी जेली भरलेली केबल, नानांनी स्वतःच्या हाताने मारलेले जॉइंट.

तार अशी ठणठणीत आणि अण्णा सात महिने पोचपावती घेऊन फिरत होते. ते मला सहन झालं नाही. टेस्ट मॉडेम पिशवीत घालून कॉम्प्युटर क्लासच्या पोराच्या हाती दिला, म्हटलं नानांकडे पोचव, आणि चौसष्टाव्या पोर्टचा जंपर अण्णांच्या पेअरला ओढला. क्रोन टूलने वायर दाबली की 'टक्' आवाज येतो आणि जास्तीचा तुकडा कापला जाऊन खाली पडतो. चार वेळा टक् झालं. पलीकडे मॉडेमवरचा दिवा आधी लुकलुकत राहिला, मग नाना फोनवर म्हणाले, "थांबला साहेब. हिरवा थांबला."

हे नियमात नव्हतं. टेस्ट पोर्ट ग्राहकाला द्यायचा नसतो, कारण उद्या कुणाचं ब्रॉडबँड बंद पडलं तर दोष तारेत की यंत्रात हे बघणार कशावर? मी लॉगबुकात वेळ लिहिली, कारण लिहिलं, सही केली.

अण्णांची सून बी.कॉम. झालेली. ती दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसून भरत होती. प्लॉट, लॉट, पेट्या, पॅलेट. टेस्ट पोर्टला वेगाची वेसण घातलेली नव्हती, त्यामुळे पान झरझर उघडत होतं. चारच्या सुमारास मी स्वतः बघायला गेलो. शेडमध्ये बायका कात्री घेऊन घडातले खराब मणी काढत होत्या, प्रीकूलिंगच्या खोलीतून गार वाफ येत होती आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आमच्या स्टोअरचा जुना पांढरा मॉडेम उपरण्यावर ठेवलेला. धूळ लागू नये म्हणून सुनेनेच ते खाली अंथरलं होतं. पोरगा तिच्या शेजारी उभा राहून कुठलं बटण कधी दाबायचं ते सांगत होता. कुणी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. मला ते फार बरं वाटलं.

संध्याकाळी लोडशेडिंग सुरू झालं. एक्सचेंज बॅटरीवर चालतं, त्यामुळे फोन चालू होते, पण हॉलमध्ये अंधार. दिवसभर एकच गोष्ट माझ्या डोक्यात घुमत होती. मी नानांना म्हटलं, "आज रिकाम्या पेअर मोजू."

नानांनी टॉर्च धरला, मी मोड्यूलमागून मोड्यूल बघत गेलो. मोबाईल आल्यापासून लोक फोन परत करत होते. परत केलेल्या प्रत्येक फोनचा जंपर काढला जातो आणि तिथे नुसत्या पितळी फटी राहतात. एका मोड्यूलमध्ये दहा पेअर, त्यातल्या कुठे चार चालू, कुठे दोन. शेवटच्या बाजूला तर शंभराची अख्खी केबल, जिच्यावर तीन फोन होते. फटींवर धुळीचा थर बसलेला. बाहेर गेलेल्या पेअर दोन हजारांवर होत्या. चालू फोन हजाराच्या आत. म्हणजे निम्म्याहून जास्त तांबं जमिनीत नुसतं पडून होतं, आणि टेबलावरच्या रजिस्टरात दीडशे माणसं ताटकळत होती.

नानांना मी विचारलं, "त्या पोराला पन्नास पेअर दिल्या तर?"

नाना गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, तार आपण पुरली. जून महिन्यात खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून जॉइंट मारले. आता दुसरा येऊन बाजारपेठेतली चांगली गिऱ्हाइकं उचलणार, आणि डोंगराकडच्या वाडीचा एक फोन दुरुस्त करायला मीच जाणार. आपलं पोट कशावर?"

युनियनही हेच म्हणायची, आणि मीही सभेत टाळ्या वाजवलेल्या होत्या. नानांचा मुद्दा आजही मला खरा वाटतो. तार फुकापासरी दिली तर ती सांभाळणारा मरतो. वाडीवरच्या फोनचा तोटा कोण भरणार, हे ठरवल्याशिवाय तार उघडणं म्हणजे जुन्या कंपनीला कापून खाणं. पण त्या अंधारात, धुळीने भरलेल्या फटींसमोर उभं राहून मला दुसरी बाजूही तेवढीच स्वच्छ दिसली. रिकामी पेअर कुणाचंच पोट भरत नाही. पन्नास पेअरचं रास्त भाडं दर महिन्याला आलं असतं, तर त्यातून नानांच्या हाताखाली एक माणूस तरी ठेवता आला असता. ब्रिटनमध्ये आदल्या दोन वर्षांत हेच झालं होतं. तिथल्या जुन्या कंपनीने जानेवारी २००६ मध्ये तारांचं खातं ओपनरीच नावाने वेगळं काढलं, आणि त्या खात्याने तार आपल्या घरच्यांनाही आणि प्रतिस्पर्ध्यांनाही सारख्याच अटींवर, सारख्याच दराने द्यायची, असा तिथल्या नियामकाशी करार झाला. म्हणजे नानांसारख्या माणसाचं काम गेलं नाही. त्यांची तार वापरणारे वाढले.

आणि तार शेवटी कुणाची? फोनसाठी पाच पाच, सात सात वर्षं नंबर लावून, अनामत भरून लोक थांबले होते, त्यांच्या पैशाची. अण्णांच्या वडिलांनी फोनचा नंबर लावला तेव्हा अण्णा शाळेत होते.

त्या रात्री मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. रिकाम्या पेअरची मोजणी, प्रतीक्षायादी, धोरणातलं आपसातल्या कराराचं वाक्य आणि पन्नास पेअर प्रायोगिक म्हणून भाड्याने द्यायचा प्रस्ताव. तीन पानं. उत्तर पावसाळ्यात आलं, दोन ओळींचं. प्रस्ताव तूर्त विचाराधीन नाही. नवा डीएसलॅम मात्र त्याच वर्षी दिवाळीनंतर मिळाला, तोपर्यंत पोराने क्लासच्या गच्चीवर अँटेना लावून बिनतारी जोडण्या द्यायला सुरुवात केली होती. पावसात त्याचं नेट जायचं. तांबं खाली कोरडं पडून असायचं आणि तो वर छत्री धरून अँटेना फिरवायचा, हे मी एक्सचेंजच्या खिडकीतून बघितलेलं आहे. २०१० उजाडून मावळलं तेव्हा देशात दोन कोटींच्या जागी एक कोटी दहा लाखांच्या आसपास ब्रॉडबँड जोडण्या होत्या. पुढे रस्ता रुंदीकरणात जेसीबीने आमच्या केबली तोडल्या. काही चोरीला गेल्या, भंगाराच्या भावाने.

अण्णांचा कंटेनर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला निघाला. जाताना ड्रायव्हरने एक्सचेंजसमोर हॉर्न दिला, आणि अण्णांचा माणूस पेटीभर द्राक्षं ठेवून गेला. ती सगळ्या स्टाफने खाल्ली, साखरेसारखी होती. दहा वाजता बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांची तक्रार आली, ब्रॉडबँड बंद. टेस्ट पोर्ट लागणार होता.

मी अण्णांना फोन लावला. "अण्णा, लाइन काढून घ्यावी लागतेय."

"काढा साहेब," ते म्हणाले. "माल गेला. पुढचा कंटेनर शुक्रवारी आहे."

मी एमडीएफवर गेलो आणि क्रोन टूलच्या आकड्याने जंपर उचकटला. वायर बोटाभोवती गुंडाळून कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात नानांनी माझा हात धरला.

"टाकू नका," ते म्हणाले. "शुक्रवारी लागेल." त्यांनी ती माझ्या बोटावरून उलगडून घेतली आणि अण्णांच्या मोड्यूलशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवली.