दम आधी, पाय मागून

सोमवार

हरणी, माझी नजरेने शिकार हेरून धावणाऱ्या जातींची कुत्री. तिला आज काट्यावर उभं केलं. वजन वाढलंय हे काट्याच्या आधी हातालाच कळलं होतं. अशा धावायला तयार असलेल्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या नजरेला दिसतात, कमरेची हाडं थोडी वर आलेली असतात. हिच्या बरगड्या सध्या बोटांनी शोधाव्या लागताहेत. उन्हाळाभर सावलीत लोळायचं, एवढाच तिचा दिनक्रम होता आणि मीही तो मोडला नाही. तापलेल्या दिवसांत या कुत्र्यांना पळवण्यापेक्षा लठ्ठ होऊ दिलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

(ती पूर्ण तयार असते तेव्हा रस्त्यात हमखास कुणीतरी विचारतं, "खायला घालत नाही का हो हिला?" आत्ता कुणीच विचारत नाही. जग आत्ता तिच्यावर खूश आहे.)

थंडी पडली की आमिषामागच्या धावण्या सुरू होतील. दोरीला बांधलेली पांढरी पिशवी, दोरी ओढणारी मोटर, मैदानभर पुलींवरून घेतलेली वळणं, आणि मागे जीव खाऊन सुटलेले कुत्रे. पिशवी खोटी आहे हे हरणीला पक्कं ठाऊक असावं. तिला फरक पडत नाही.

बुधवार

नुसतं चालणं. पट्टा लावून, झपाझप, कडक रस्त्यावर. गवतावर चालवलं तर तळवे मऊच राहतात. रस्त्याने ते हळूहळू घट्ट होतात आणि नखंही झिजतात. रस्ता गार असतानाच निघायचं, नाहीतर तळवे कमवायला जावं आणि भाजून आणावेत.

मित्राने पुन्हा तेच सुचवलं: "मैदानात सोड की मोकळी, चार दिवसांत तयार होईल." पळेल, यात शंका नाही. नाकाने माग काढणारा कुत्रा दुडक्या चालीने दिवसभर फिरतो आणि दमला की आपोआप मंदावतो. नजरेने धावणाऱ्यांचं तसं नसतं. समोर काही हललं की पहिल्या काही ढांगांतच पूर्ण वेग. ग्रेहाउंड जातीचा कुत्रा ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे जातो. अंगात तेवढी तयारी आहे का, हा हिशेब तो करत नाही, तो आपल्याला करावा लागतो. हरणीत ग्रेहाउंडबरोबर सालुकी या दुसऱ्या धावणाऱ्या जातीचंही रक्त आहे, त्यामुळे तिचा दम थोडा लांबपर्यंत पुरतो. अक्कल मात्र दोन्हीकडून सारखीच आलेली दिसते.

तयारी नसताना असा कुत्रा जीव तोडून धावला तर स्नायूंचे तंतू फुटतात आणि त्यातलं रंगद्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांवर जातं. कुत्रा ताठरतो, पाठीला हात लावू देत नाही, लघवी चहासारखी तपकिरी होते. तिथे "उद्या बघू" म्हणायची सोय नाही, ताबडतोब डॉक्टर गाठायचा. मी हे एकदा दुसऱ्याच्या कुत्र्यात पाहिलंय. तेवढं पुरे.

शनिवार

आता सायकल. मी सायकलवर, ती बाजूने दुडक्या चालीत. वेग असा ठेवायचा की तिने चौखूर उधळू नये आणि रेंगाळूही नये. दुडक्या चालीत दोन्ही बाजूंवर सारखा भार येतो, त्यामुळे एखादा पाय ती जपत असेल तर इथे लगेच दिसतं. सगळ्या तयारीत मला सर्वात जास्त पटलेलं काम हेच, आणि सर्वात कंटाळवाणंही हेच.

रोज सकाळी, ती उठायच्या आधी, मांडीच्या आतल्या बाजूला नाडी बघते. फिरून आल्यावर ती किती वेळात पुन्हा त्या आकड्यावर येते, ते वहीत लिहिते. हा वेळ आता चांगलाच कमी झालाय, म्हणजे दम आला. आणि नेमका इथेच धोका आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूबंध, सांधे आणि हाडं त्यांच्या बरीच मागे असतात. कुत्रा ताजातवाना दिसतो, डोळे चमकतात, पट्टा ओढतो, आणि पहिल्याच जोरदार वळणावर बोटाचा सांधा निखळतो. पूर्ण वेगात या कुत्र्यांचे चारही पाय एका ढांगेत दोनदा जमिनीवरून सुटतात: एकदा अंग आक्रसलेलं असताना, एकदा पूर्ण ताणलेलं असताना. म्हणजे खाली येताना अख्खं वजन क्षणभर एकाच पंजावर. त्या पंजाला किती आठवडे दिलेत, हे दम बघून कळत नाही.

मंगळवार

चढ सुरू केला. मी वर उभी राहते, घरचे कुणीतरी तिला खाली धरतात, मी हाक मारते. चढावर वेग आपोआप कमी राहतो आणि मागच्या पायांना काम भरपूर मिळतं. थोड्याच फेऱ्या, मध्ये पूर्ण विसावा, दुसऱ्या दिवशी फक्त रमतगमत चालणं. स्नायू भरतात ते त्या रिकाम्या दिवशी. चेंडू फेकत बसणं मात्र बंद. सारखं गर्रकन वळणं, करकचून थांबणं, उड्या, यात कमावण्यासारखं काही नाही, मोडण्यासारखं बरंच आहे.

जेवण संध्याकाळी, कामानंतर बऱ्याच वेळाने. छाती खोल असलेल्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडायची भीती असते, म्हणून भरल्या पोटी पळवायचंच नाही.

डॉक्टरांकडेही जाऊन आले. रक्ताच्या अहवालात तांबड्या पेशी जास्त दिसल्या. ग्रेहाउंडच्या रक्तात त्या इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच असतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं म्हणून पुढचे प्रश्न टळले. दुसरी गोष्ट मीच आठवणीने सांगितली: यांच्या अंगात चरबी कमी आणि यकृताचं कामही थोडं वेगळं, त्यामुळे थायोपेंटलसारखी भूल लवकर उतरत नाही. यांची कातडी पातळ. हंगामात काटेरी तारेने ती कधी फाटेल आणि टाके पडतील, सांगता येत नाही. तेव्हा घाईत सांगायचं राहून जायला नको.

रविवार

आज पहिल्यांदा पिशवीमागे सोडली, एकटीच. आधी पंधरा मिनिटं चालवून, थोडं दुडकवून अंग मोकळं केलं. सोडायच्या आधी तिच्या किंकाळ्यांनी कान बधिर झाले.

सरळ पट्टा सुरेख. पहिलं वळण चांगलं, दुसऱ्या उजव्या वळणाला ती बाहेर फेकली गेली आणि शेवटच्या टप्प्यात ढांग आखूड झाली. धाप खूप वेळ टिकली. एका धावेत यांचं तापमान ४१ अंशांच्या आसपास जाऊ शकतं, म्हणून तिला आडवं होऊ दिलं नाही. पोटाला आणि पायांना पाणी मारलं, धाप बसेपर्यंत चालवत राहिले, पाणी प्यायला थोडं थोडं दिलं. नंतर एकेक बोट वाकवून पाहिलं, पंज्यांची कातडी, अंगठ्याची नखं, मांडीचा आतला स्नायू. पुढच्या उजव्या पंजाच्या बाहेरच्या बोटावर दाबल्यावर तिने पाय काढून घेतला. सूज नाही, लंगडणं नाही, पण डाव्या पंजाला तिने तसं केलं नाही.

मित्र म्हणाला, किरकोळ आहे, धावेल ती. धावेलच. मोडक्या पायानेही धावेल, त्याला पुरावा म्हणायचं नाही.

या आठवड्यात फक्त पट्ट्यावर चालणं, आणि बोट रोज तपासायचं. हंगामातल्या पहिल्या धावणीला तिचं नाव दिलेलं नाही. बोट शांत राहिलं तर पुन्हा एकटी सोडेन, या वेळी वळणं रुंद ठेवून आणि अंतर निम्मं करून.