मेंदूच्या कोणत्या भागाला किती रक्त?

सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० च्या दशकात नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला, तेव्हा दर १०० ग्रॅममागे मिनिटाला ५० मिलिलिटरच्या थोडा वर आकडा आला. ती संपूर्ण मेंदूची सरासरी होती; कोणत्या भागाच्या वाट्याला किती रक्त येते, हे तिच्यातून कळत नव्हते.

ते १९५५ साली लँडाऊ, सोकोलॉफ, केटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांमध्ये मोजून दाखवले. किरणोत्सारी आयोडीन असलेला, शरीरात कोणतीही रासायनिक क्रिया न करणारा वायू रक्तात सोडायचा, सुमारे मिनिटभर धमनीतील रक्ताचे नमुने घेत राहायचे, मग प्राण्याला तत्क्षणी मारून मेंदू गोठवायचा आणि त्याचे काप क्ष-किरण फिल्मवर ठेवायचे, अशी ही पद्धत होती. जिथे प्रवाह जास्त, तिथे फिल्म अधिक काळी पडे. जाग्या मांजरात सर्वाधिक प्रवाह श्रवणमार्गावरील इन्फिरिअर कॉलिक्युलस या छोट्याशा केंद्रात आढळला, दर ग्रॅममागे मिनिटाला सुमारे १.८ मिलिलिटर, मेंदूतील श्वेत द्रव्यात, म्हणजे चेतातंतूंच्या भागात, तो ०.२५ देखील नव्हता. थायोपेंटालची भूल दिल्यावर मात्र मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरातील, प्रवाह बराच घटला आणि भागाभागांतील फरक पुसट झाले. मला या प्रयोगाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण भूल दिलेल्या प्राण्यावरून जाग्या मेंदूविषयी बोलणे किती जोखमीचे आहे, हे त्यात स्पष्ट दिसते.

वायू हाताळणे कटकटीचे असल्याने पुढे किरणोत्सारी कार्बन-१४ युक्त अँटिपायरिन हे औषध वापरात आले. पण ते रक्तातून मेंदूत पुरेशा मोकळेपणाने शिरत नाही, त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा कमी प्रवाह दिसे. १९७८ मध्ये उंदरांसाठी मांडलेल्या आयोडोअँटिपायरिनच्या पद्धतीने हा दोष बराचसा दूर केला.

मेंदूतील रक्तप्रवाह मोजणारा शोधनिबंध हाती आला की निष्कर्षांआधी मी प्राणी जागा होता का, भूल कोणती होती आणि धमनीतील कार्बन डायऑक्साइड किती होता, एवढे पाहतो. आयसोफ्लुरेन हे भुलीचे औषध रक्तवाहिन्या रुंदावते, कार्बन डायऑक्साइड वाढला तरी प्रवाह वाढतो, आणि हे आकडे न देणाऱ्या निबंधातील तुलना मला तरी ग्राह्य वाटत नाही.

फिल्मच्या पद्धतीत एका प्राण्यापासून एकच मोजणी मिळते. १९९२ पासून एमआरआयमध्ये धमनीतील पाण्यालाच चुंबकीय खूण करून त्याच उंदरात पुन्हापुन्हा प्रवाह मोजता येऊ लागला, परंतु उंदराला यंत्रात निश्चल ठेवण्यासाठी बहुतेक वेळा त्याला भूल द्यावीच लागते.