एक फुली कमी

दुसरीच्या वर्गात लाइन प्लॉट शिकवायला घेतला की मी दरवर्षी एकच प्रश्न विचारते: आतापर्यंत तुमचे किती दात पडले? सात वर्षांच्या मुलाला याहून जिव्हाळ्याचा आकडा नसतो. दुधाचे दात एकूण २०. त्यातले पुढचे खालचे दोन साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. त्यामुळे दुसरीत आकडे वेगवेगळे निघतात आणि फार मोठेही होत नाहीत. आठाच्या पुढे क्वचितच कोणी जातं, म्हणून सगळा वर्ग एका फळ्यावर मावतो.

लाइन प्लॉट म्हणजे एक संख्यारेषा, आणि प्रत्येक मुलाने आपल्या आकड्यावर मारलेली एक फुली. तोच आकडा असलेलं दुसरं मूल आलं की फुलीच्या डोक्यावर फुली. स्तंभालेखात नऊ मुलांचा एक खांब होतो आणि मूल त्यात विरघळून जातं. इथे नऊच्या नऊ फुल्या सुट्या राहतात. सर्वात वरचं मूलसुद्धा बोट ठेवून "ही माझी" म्हणू शकतं. म्हणून मी स्तंभालेखाच्या आधी हाच घेते, पुस्तकातला क्रम काहीही असो.

फुल्या लावण्याआधी वर्गात एक भांडण होतंच, आणि मी ते होऊ देते. हलणारा दात धरायचा का? अर्धा तुटलाय, त्याचं काय? या वर्षी एका मुलीने उभं राहून विचारलं, "बाई, माझा डॉक्टरांनी काढला. पडलेलेच मोजायचे की पाडलेलेपण?" वर्गाने हात वर करून नियम ठरवला. जो तोंडात नाही तो मोजायचा, मग कसाही गेला असो. हलणारा अजून तोंडात आहे, म्हणून तो नाही. यात वीस मिनिटं गेली. शेजारच्या वर्गात तयार आकडे फळ्यावर लिहून देतात आणि मुलं ते वहीत उतरवतात. तिथे वेळ नक्कीच वाचतो. पण काय मोजायचं हे मोजण्याआधी ठरवावं लागतं, हे मुलांना कळायची ती एकच जागा असते आणि ती तशीच निघून जाते.

दुसरी अडचण फुलीच्या आकाराची. बाहेरच्या कोणाला हे सुचणार नाही. एक मूल हाताएवढी फुली मारतं, दुसरं मुंगीएवढी. मग तीन मोठ्या फुल्यांचा ढीग सहा बारक्या फुल्यांच्या ढिगापेक्षा उंच दिसतो, आणि वर्ग उंची बघून उत्तर देतो. मी त्यावर कागदाचे सारखे चौकोन कापायला लागले. प्रत्येकाला एक चौकोन. त्यावर फुली आपापली, हवी तशी, पण कागद सारखाच. मागे चिकटपट्टी. वर चढवताना कडेला कड लागली पाहिजे, मधे फट नको. वहीत करताना चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक फुली.

तर त्या दिवशी फळ्याच्या डाव्या कडेपासून रेषा ओढली. सर्वात जास्त कोणाचे पडलेत ते विचारलं. आठ, असं उत्तर आलं. मग एकेका वितीच्या अंतरावर १ पासून ८ पर्यंत आकडे टाकले. मुलं रांगेने येऊन चौकोन लावून गेली. चारचा ढीग भराभर वाढला, दोनचा त्याच्या मागे, सातवर कोणीच नाही. सुंदर दिसत होतं.

या वर्षीपासून मी एक नियम केला आहे: शेवटी फुल्या मोजायच्या आणि मुलं मोजायची. गेल्या वर्षी एकाने हौसेने दोन फुल्या लावल्या होत्या, तेव्हापासून. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोजचा पट लिहिलेला असतो: पट ३१, हजर ३०. वर्गाने मोठ्याने फुल्या मोजल्या. एकोणतीस. पुन्हा मोजल्या. एकोणतीस. मला वाटलं एखादा चौकोन खाली गळला, म्हणून बाकांखाली बघायला लावलं. मुलं बाकांखाली शिरली आणि पाच मिनिटं नुसता गोंधळ झाला.

मग तिसऱ्या रांगेत एका मुलाच्या वहीखालून कागदाचं टोक दिसलं. मी वही उचलली. चौकोन होता, त्यावर फुली काढलेली होती. पट्टीने, दोन्ही रेषा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नेमक्या. मागची चिकटपट्टीही लावलेली होती. अख्ख्या वर्गात इतकी नीट फुली कोणाची नव्हती.

"अरे, लावली का नाहीस?"

"बाई, जागा नव्हती."

त्याचा एकही दात पडलेला नव्हता. सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत यात काळजीचं काही नाही, काहींचे उशिरा पडतात. त्याच्याजवळ उत्तर होतं, फुली तयार होती, आणि मी काढलेल्या रेषेवर त्याच्या उत्तराला जागाच नव्हती. तो रांगेत उभा राहिला असणार, पुढे येऊन फळा बघितला असणार आणि परत जागेवर जाऊन बसला असणार. माझ्या लक्षातही आलं नाही. सर्वात जास्त किती हे मी विचारलं होतं. सर्वात कमी किती, हे विचारलं नव्हतं.

शून्य लिहायला डावीकडे फळाच उरला नव्हता. मी घाईत एकच्या अलीकडे, दोन बोटांवर, शून्य कोंबलं. लगेच पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, ते अंतर कमी आहे. तुम्हीच म्हणता सगळीकडे एक वीत." तिचं बरोबर होतं. अंतरं सारखी नसली तर लाइन प्लॉटला अर्थच उरत नाही. सगळे चौकोन काढले, रेषा पुसली, नवी ओढली, ० पासून ८ पर्यंत. चौकोनांवर नावं नव्हती, पण तीसही मुलांनी आपापली फुली ओळखून घेतली. एकीची चांदणीसारखी होती, एकाने दाबून कागद फाडला होता. पुढचा तास त्यात गेला. शून्यावरची फुली त्याने सर्वात आधी लावली, आणि ती सरळ आहे का हे मागे जाऊन बघून आला.

गैरहजर मुलीचं काय करायचं हा प्रश्न मी काढला नव्हता, तो मुलांनीच काढला. एक जण म्हणाला, ती नाही, म्हणजे तिची फुली शून्यावर लावा. दोघा-चौघांना पटलंही. तेव्हा हा मुलगा उठला. "शून्य म्हणजे माझं. तिचं आपल्याला माहीत नाही. ती आली की सांगेल." उत्तर शून्य असणं वेगळं आणि उत्तर नसणं वेगळं. इतक्या थोडक्यात हे मला आजवर कधी सांगता आलं नव्हतं. ती तिसऱ्या दिवशी आली, तीन म्हणाली, आणि तिची फुली लागली.

आलेख लावता आला म्हणजे वाचता आला असं होत नाही. मी विचारलं, सर्वात जास्त दात कोणाचे पडले? अर्धा वर्ग म्हणाला, चारवाल्यांचे. ढीग उंच, म्हणून दात जास्त. दरवर्षी हेच होतं. त्याला माझ्याकडे एकच औषध आहे. फळ्याजवळ एका मुलाला उभं करायचं आणि वर्गाकडून दोन वाक्यं घोकून घ्यायची: फुली म्हणजे मूल. खालचा आकडा म्हणजे दात. मग हळूहळू उलगडतं. चारवर नऊ मुलं, प्रत्येकाचे चार दात. आठवर तीनच मुलं, पण प्रत्येकाचे आठ. एकूण दात किती, हे ढीग-ढीग करून जोडलं: एकचे दोन, दोनचे बारा, तीनचे बारा, चारचे छत्तीस... शेवटी ११४ आले. शून्याच्या ढिगाने दातांत काही भर घातली नाही, मुलांत मात्र एकाची घातली. सरावाच्या पानांवर "आलेखावरून एकूण किती?" एवढाच प्रश्न छापलेला असतो, कशाचं एकूण ते नसतं, आणि मग चुकीचं उत्तर दिलं म्हणून मुलाला लाल शेरा. याचा मला खरोखर राग येतो.

सातवर कोणी नव्हतं, म्हणून वहीत उतरवताना पाच-सहा जणांनी सात गाळून सहाच्या शेजारी आठ लिहिला. इतर वर्षी मी तो खोडून दुरुस्त करते. या वेळी मागून आवाज आला, "कोणी आलं तर कुठे लावेल?" मला खोडावं लागलं नाही.

आलेख वाचण्याच्या तीन पायऱ्या फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ साली मांडल्या: आकडा वाचणं, आकड्यांमधलं नातं वाचणं, आकड्यांच्या पलीकडचं वाचणं. दुसरीत तिसरी पायरी मी फारशी धरत नसे. पण मी विचारलं, पुढच्या महिन्यात हाच आलेख काढला तर कसा दिसेल? थोडा वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "सगळ्या फुल्या तिकडे सरकतील," आणि उजवीकडे हात केला. "इकडे कोणीच येणार नाही. पडलेला दात परत थोडीच बसतो." शून्यावरच्या मुलाने ऐकलं आणि म्हणाला, "मी शेवटी निघणार."

मधल्या सुट्टीत हे एका सहकारी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, शून्याला फुली कशाला? काही नाही तर काही मारायचं नाही. त्या मुलांवर माया करणाऱ्या आहेत, शिकवतातही मनापासून. पण फुली दाताची नाही, मुलाची आहे, हे त्यांना पटवता पटवता घंटा झाली. आणि आदल्या दिवसापर्यंत मीही तेच करत होते.

जागेचा हा घोळ मला तिसरीच्या वर्गात शिकवताना माहीत होता. तिथे पट्टीने पाव इंचापर्यंत लांबी मोजून लाइन प्लॉट काढतात. आपली भाषा तिथे मुलांना अडवते. "पावणेसहा" ऐकलं की कानावर सहा पडतो, आणि मूल फुली सहाच्या पुढे लावतं. दीड आणि अडीचमध्ये तर आकडाच ऐकू येत नाही. म्हणून मी त्यांना पट्टीवर बोट चालवत म्हणायला लावते: पाच, सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा, सहा. शब्दाची जागा बोटाला कळली की चूक थांबते. ज्या वर्गात रेषेवर फक्त पूर्ण आकडे असतात, तिथे पावणेसहावालं मूल मुकाट्याने सहावर फुली लावतं. हे मी कितीदा पकडलं आहे, दुरुस्त केलं आहे. शून्याचं मात्र कधी डोक्यात आलं नाही.

त्या रात्री फोनमधले जुने फोटो काढून बसले. दातांच्या आलेखाचा फोटो मी दरवर्षी काढते, पालकांना दाखवायला. पाच वर्षांचे पाच फोटो. पाचही रेषा १ पासून सुरू होतात. चार फोटोंत कोपरा कापला गेला आहे, त्यामुळे त्या दिवशी किती मुलं हजर होती ते दिसत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत मात्र कोपरा आला आहे. हजर २९. फुल्या मी पडद्यावर बोट ठेवून चार वेळा मोजल्या. अठ्ठावीस. ती मुलं आता पाचवीत आहेत, रोज जिन्यावर भेटतात, नमस्कार करतात. त्यांतलं कोण जागेवर बसून राहिलं होतं, ते फोटोवरून कळत नाही.