टॉवेल कारखान्याच्या मेल सर्व्हरवरचा स्पॅम: माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम, मेल देणारा-घेणारा पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट आणि स्पॅम ओळखणारा आरस्पॅमडी, एवढाच पसारा. परदेशी खरेदीदाराची पहिली चौकशी आणि ऑर्डरचं सोंग घेतलेली व्हायरसवाली मेल दिसायला सारखीच असतात: अनोळखी पत्ता, मोडकंतोडकं इंग्रजी, सोबत एक फाइल. खरी चौकशी हरवली तर गिऱ्हाईक गेलं. म्हणून मजकुरावरून मेल परतवायची घाई मी करत नाही. अडवायचं ते दारातच, पाठवणाऱ्याच्या आयपीवरून.

दारात आधी पोस्टफिक्समधलाच पोस्टस्क्रीन. तो समोरच्याला सहा सेकंद ताटकळत ठेवतो. स्पॅमच्या बॉटना तेवढा धीर नसतो, ते आपली पाळी यायच्या आतच बोलायला लागतात. पण ही तपासणी मुळात नुसती नोंद करते. सेटिंगमध्ये ‘एन्फोर्स’ किंवा ‘ड्रॉप’ लिहिलं तरच अडवते.

मग स्पॅमहाउस या संस्थेची झेन, म्हणजे मेल घेऊ नये अशा आयपींची यादी, आणि इथंच बहुतेकांचं घोडं अडतं. ही यादी डीएनएसमधून (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेतून) विचारली जाते; सर्व्हरचा डीएनएस गूगलच्या सार्वजनिक 8.8.8.8 वर असेल तर खरं उत्तर मिळत नाही, 127.255.255.254 हा त्रुटीचा कोड येतो. फिल्टरनं तो दुर्लक्षिला तर यादी असून नसल्यासारखी. आणि ‘काहीही उत्तर आलं की अडव’ असं लिहिलं असेल तर झाडून सगळी मेल परत जाते. उपाय म्हणजे सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस बसवायचा, पुढे कुणाकडे फॉरवर्ड न करता. मग झेनला 2.0.0.127 (127.0.0.2 हा चाचणीचा पत्ता, उलटा लिहिलेला) विचारून बघा; उत्तरांत 127.0.0.2 दिसलंच पाहिजे. पोस्टफिक्समध्येही 127.0.0.2 ते 127.0.0.11 एवढीच उत्तरं धरा.

ही यादी फक्त बाहेरची मेल येते त्या 25 नंबरच्या पोर्टवर लावा. घरगुती ब्रॉडबँडचे आयपी तिच्या पीबीएल भागात (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या यादीत) सर्रास असतात. आपली माणसं मेल पाठवतात त्या 587 वर लावली तर मालकांना घरून मेल पाठवता येणार नाही.

उरलेलं आरस्पॅमडी बघतो. तो प्रत्येक मेलला स्पॅमपणाचे गुण देतो. मुळातल्या मर्यादा अशा: 4 ला ग्रेलिस्ट (तूर्त परतवून पुन्हा पाठवायला लावणं), 6 ला स्पॅमचा शिक्का, 15 ला नकार. शिक्का आणि नकार मी तसेच ठेवलेत. ग्रेलिस्ट बंद केली, कारण ती अनोळखी मेल निदान पाच मिनिटं लांबवते आणि तोवर ओटीपीची मुदत निघून जाते. शिक्का बसलेली मेल सिव्हच्या (डव्हकॉटमधल्या मेल फोल्डरमध्ये लावायच्या) नियमानं जंकमध्ये जाते. रोज सकाळी ऑफिसात कुणीतरी ते फोल्डर चाळायलाच हवं.

आरस्पॅमडीतला बेझ, म्हणजे शब्दांवरून स्पॅम ओळखणारा भाग, मात्र शिकवल्याशिवाय चालत नाही. स्पॅम 200 आणि चांगल्या मेलही 200 शिकवल्या की मगच तो गुण देतो. नुसता स्पॅम भरून उपयोग नाही. चांगल्यात सूतवाल्यांची बिलं, डाइंगचे हिशेब, मराठी पत्रं, जुन्या खरेदीदारांच्या मेल असं सगळं घाला. पुढचं शिकवणं डव्हकॉटवर सोडा: जंकमध्ये टाकली की स्पॅम, बाहेर काढली की चांगली. फक्त जंकमधून ट्रॅशमध्ये गेलेली मेल त्यातून वगळायची अट आठवणीनं लिहा. नाहीतर जंक साफ करणारा माणूस रोज सगळा स्पॅम ‘चांगला’ म्हणून शिकवत राहतो.